शनिवारचा ‘कॉल’ आणि त्याचं शेपूट

‘बाई, नमस्कार. वेळणेश्वरच्या अलीकडे आमचं घर आहे. चार खोल्या काढून तीन वर्षं होमस्टे चालवते. शिक्षण बारावी, मराठी माध्यम. पुण्या-मुंबईचे पाहुणे मराठीत बोलतात, पण हल्ली बेंगळुरू-हैदराबादकडचे येतात, त्यांचं सगळं इंग्रजीत. मागच्या महिन्यात सहा जणांचं बुकिंग होतं. गुरुवारी मेसेज आला, “वी माइट हॅव टु कॉल सॅटरडे ऑफ, सो सॉरी.” मला वाटलं, शनिवारी कॉल करतील आणि नंतर फोन ऑफ असेल, म्हणून आधीच सॉरी म्हणतायत. मी लिहिलं, “ओके, वेटिंग.” शनिवारी सुरमई आणली, पन्नास मोदकांची उकड काढली. कोणी आलं नाही. लेकीने मेसेज वाचला आणि हसून हसून लोळली. त्याआधीही असंच झालं होतं. रात्री नऊला मेसेज, “हेल्ड अप ॲट परशुराम घाट, प्लीज डोंट वेट अप.” मी दोन वाजेपर्यंत पडवीत बसून होते, तर ते आल्यावर मलाच सॉरी म्हणत राहिले. आता पाचशे फ्रेजल व्हर्बांचं पुस्तक आणलंय. “बी”पर्यंत पोचले. पुढचं पाठ केलं की मागचं जातं. “पुट” म्हणजे ठेवणे, “ऑफ” म्हणजे बंद, मग “पुट ऑफ” म्हणजे ठेवून बंद करणे का? काय करू सांगा.’

ताई, आधी ते पुस्तक मिटून ठेवा. फेकून देऊ नका, नुसतं मिटून ठेवा.

आता मी काय लिहिलं ते बघा. ‘फेकून देऊ नका.’ कोणाला द्यायचंय? कोणालाच नाही. ‘सांगून टाक’ म्हणतो तेव्हा काही टाकायचं नसतं. ‘हे काय करून बसलास’ असं आपण ज्याला म्हणतो, तो बहुतेक वेळा समोर मान खाली घालून उभा असतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाने शब्दकोशात ‘टाकणे’ बघून ठेवलंय आणि तुम्ही त्याला म्हणालात, ‘तेवढा भात खाऊन टाका’, तर तो भात खाईल की केळीच्या बुंध्यात नेऊन टाकेल, याची खात्री नाही. तुमच्या शनिवारचं तेच झालं. तुम्ही शब्दकोशातला ‘कॉल’ वाचलात.

आणि ‘लागणे’ तर विचारूच नका. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, पाऊस लागून राहतो. एकदा धोपाव्याच्या धक्क्यावर दाभोळला जायला उभी होते. फेरीबोट आली, कोणीतरी ओरडलं, ‘बोट लागली!’ आणि सगळ्या मोटारसायकली एकदम सुरू झाल्या. माझ्या शेजारी एक म्हातारी लिंबू हुंगत उभी होती. ती हळूच म्हणाली, ‘मला बोट लागते गो.’ शब्द तेच दोन. एकीकडे बोट धक्क्याला लागली, दुसरीकडे म्हातारीला. आपला क्षणभरही घोटाळा होत नाही, कारण ‘बोट’ आणि ‘लागणे’ यांचा वेगवेगळा अर्थ आपण लावतच नाही. जोडी मिळून जे होतं ते ऐकतो.

खाडीच्या मध्यावर गेल्यावर त्या म्हातारीचं व्हायचं ते झालं. तुमच्या पाहुण्यांनी ते बघितलं असतं तर घरी येऊन सांगितलं असतं, ‘शी थ्रू अप ऑन द फेरी.’ ‘थ्रो’ म्हणजे फेकणे, ‘अप’ म्हणजे वर. वर काही फेकलं नाही हो तिने. उलटी झाली.

तर मुद्दा एवढाच, की ही चाल तुम्हाला परकी नाही. जी करामत आपण ‘टाक, दे, घे, बस, लाग’ यांच्याकडून करून घेतो, ती इंग्रजी माणूस ‘अप, ऑफ, आउट, ऑन, डाउन, ओव्हर’ यांच्याकडून करून घेतो. पुढे एक रोजचं आखूड क्रियापद आणि मागे हा चिमुकला शब्द, ही जोडी म्हणजेच तुमच्या पुस्तकातला फ्रेजल व्हर्ब. मागच्या शब्दाला व्याकरणात पार्टिकल म्हणतात. मी वर्गात शेपूट म्हणायचे. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ पिऊन टाक, ‘यूज अप’ वापरून टाक. इथे ‘अप’चा वर-खालीशी संबंध नाही, ‘पुरतं’ एवढाच त्याचा अर्थ. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेव. ‘कॅरी ऑन’ म्हणजे चालू दे. शाळेत उपसर्ग शिकला असाल: मूळ धातू ‘हृ’ एकच, पण आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार ही पाच तोंडं पाच दिशांना. संस्कृतात तो तुकडा पुढे चिकटतो, इंग्रजीत बहुतेक वेळा मागे आणि सुटा राहतो. काही शब्दांत इंग्रजीतही तो पुढे असतो आणि तेवढ्याने अर्थ पालटतो. मुंबई-गोवा हायवेवर ट्रकला ‘ओव्हरटेक’ करतात; त्याच हायवेचं रखडलेलं काम दुसऱ्या ठेकेदाराने हातात घेतलं तर ते ‘टेक ओव्हर’.

आता तुमचा ‘ऑफ’. आपण त्याला ‘बंद’ एवढाच अर्थ देऊन ठेवलाय, कारण आपल्या घरात तो पंख्याच्या आणि पंपाच्या बटणावरून आला. आपण तर क्रियापदही गाळतो आणि ‘ऑफ द फॅन’ म्हणतो. इंग्रजी माणूस तसं म्हणत नाही, त्याला ‘ऑफ’च्या आधी ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ लागतंच. पण आपल्या कानाने एक बरोबर पकडलं होतं, की अर्थाचं वजन ‘ऑफ’मध्ये आहे.

‘ऑफ’च्या मुळाशी आहे सुटणं, जागेवरून दूर होणं. मग बघा कसं लागत जातं. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे. ‘सी ऑफ’ म्हणजे स्टँडपर्यंत जाऊन निरोप देणे. ‘ड्रॉप अस ऑफ ॲट चिपळूण स्टेशन’ म्हणजे आम्हाला स्टेशनवर सोडा. ‘टेक ऑफ’ म्हणजे अंगातलं, पायातलं काढणे. विमान जमिनीवरून सुटतं तेही ‘टेक ऑफ’च. ‘पे ऑफ’ म्हणजे कर्ज फेडून टाकणे, ‘डोझ ऑफ’ म्हणजे बसल्या बसल्या डोळा लागणे. ‘कॉल ऑफ युवर डॉग’ म्हणजे तुमचं कुत्रं भुंकत अंगावर येतंय, त्याला हाक मारून मागे घ्या. हेच चित्र शनिवारला लावा. शनिवारचा बेत अंगणापर्यंत आला होता, त्याला हाक मारून परत नेला. बेत रद्द.

‘गो ऑफ’ मात्र नीट बघा, कारण तुमच्या घरात तो रोज येणार. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे लाइट गेली. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला, चक्क उलट! आणि सकाळी पाहुणी दुधाचं पातेलं पुढे करून म्हणाली, ‘आय थिंक द मिल्क हॅज गॉन ऑफ’, तर दूध नासलंय. हे तीन अर्थ वेगवेगळे पाठ करायला गेलात की डोकं दुखेल. त्यापेक्षा आपलं ‘उतरणे’ आठवा. भाव उतरतो, चेहरा उतरतो, ताप उतरतो, आणि रात्रीची आमटी सकाळी उतरते. ताप उतरला तर बरं आणि आमटी उतरली तर वाईट, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. वस्तू आपल्या नेहमीच्या स्थितीतून हलली एवढंच ‘गो ऑफ’ सांगतो. बरं की वाईट, ते दूध आहे की गजर आहे त्यावरून कळतं.

सगळंच असं जुळतं असं मात्र नाही. ‘टेल ऑफ’ म्हणजे झापणे, ‘शो ऑफ’ म्हणजे मिरवणे. तिथे सुटण्याचं चित्र फार ताणू नये, पाठ करून मोकळं व्हावं.

तुमच्या ‘पुट ऑफ’वर येते. माझीच फजिती आधी सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक परदेशी बाई आमच्या गावी आल्या होत्या. इंग्रजीची शिक्षिका म्हणून त्यांना देवळात न्यायचं काम माझ्याकडे. पायरीशी मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, ‘प्लीज पुट ऑफ युवर शूज.’ ‘पुट ऑन’ म्हणजे घालणे, म्हणून ‘पुट ऑफ’ म्हणजे काढणे, असा माझा हिशेब. बाई थांबल्या, बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे. मी त्यांना बूट लांबणीवर टाकायला सांगत होते. चपला काढायच्या तर ‘टेक ऑफ’. गंमत अशी, की माझं वाक्य तीन-चारशे वर्षांपूर्वी बरोबर ठरलं असतं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये पवित्र जागी उभ्या असलेल्या मोझेसला देव पायातलं काढायला सांगतो ते ‘पुट ऑफ’ म्हणूनच. हे मला कळलं तेव्हा त्या बाई केव्हाच परत गेल्या होत्या.

‘पुट ऑफ’चा दुसरा अर्थ तुमच्या कामाचा आहे. अंगणात बोंबील, सुकट वाळत असतील आणि पाहुणा म्हणाला, ‘द स्मेल पुट माय सन ऑफ’, तर त्या वासाने पोराचं मन उडालं, जेवण जात नाही. खोली बदलून मागतोय असंही समजा. आणि कोणी विचारलं, ‘कॅन यू पुट अस अप फॉर टू नाइट्स?’ तर आनंदाने हो म्हणा. ‘आम्हाला दोन रात्री ठेवून घ्याल का’ असं तो विचारतोय. ‘पुट’ म्हणजे ठेवणे हे तुमचं इथे अगदी चपखल बसलं. त्याला मागे ‘विथ’ जोडला की मात्र तो डासांबद्दल बोलतोय: ‘वी हॅड टु पुट अप विथ द मॉस्किटोज’, म्हणजे डास सहन करावे लागले.

आता कानाचं काम, आणि मला विचाराल तर खरी मेख इथे आहे. तुमच्या मेसेजमध्ये ‘कॉल’ आणि ‘ऑफ’च्या मधोमध ‘सॅटरडे’ ठाण मांडून बसला होता. या जोड्या अशा फुटतात. ‘टर्न ऑफ द पंप’ म्हणा नाहीतर ‘टर्न द पंप ऑफ’ म्हणा, दोन्ही चालतं. पण पंपाचं नाव न घेता ‘तो’ म्हणायचं असेल तर ‘इट’ मधेच यायला हवं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ कोणी म्हणत नाही. सगळ्याच जोड्या फुटत नाहीत, हेही आहे. ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. तिथे ‘लुक फॉर इट’, ‘लुक आफ्टर हिम’ असंच राहतं. पहिल्या प्रकारात बोलणारा शेपटावर जोर देतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणून बघा, आवाज शेवटी जड होतो. ‘लुक फॉर इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘फॉर’ जवळजवळ गिळलेला. म्हणजे वाक्य संपेपर्यंत अर्थ लावायची घाई करायची नाही. आपल्याकडे तरी काय, ‘त्याने सगळे पैसे देऊन...’ एवढं ऐकून कळत नाही. ‘टाकले’ की ‘ठेवले’ की ‘बसला’, शेवटी कळतं.

आणखी एक घोटाळा आपल्या जिभेचा. ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ आपण एकसारखे म्हणतो, त्यामुळे कानालाही ते एकच वाटतात. ‘वी हॅव रन आउट ऑव्ह फिश’ मधला ‘ऑव्ह’ म्हणजे ‘चा, ची, चे’. तो घाईत ‘अव्ह’ इतका बारीक होतो. तिथे शेपूट ‘आउट’ आहे: मासे संपले. क्रिकेटमधला रनआउट डोक्यात येऊ देऊ नका, नाहीतर सुरमई धावत सुटल्यासारखी वाटेल.

तुम्ही बारावीपर्यंत इंग्रजी शिकलात आणि तरी ही वाक्यं अंगावर येतात, यात तुमचा दोष फार थोडा. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सर्वांत जड जातं ते क्रियापदाला असा तुकडा जोडण्याचं प्रकरण. आपण शाळेत शिकतो ते ‘पोस्टपोन’, ‘कॅन्सल’, ‘टॉलरेट’. हे लॅटिनकडचे शब्द, थेट तरी आले किंवा फ्रेंचच्या वाटेने. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतल्यावर दरबारात, कोर्टात फ्रेंच बसली आणि त्या बाजूचा शब्द भारदस्त ठरला. घरात, शेतात, चुलीपाशी जुने आखूड शब्दच राहिले. आपल्याकडे परीक्षा नोटिशीत ‘स्थगित’ होते आणि घरात ‘पुढे ढकलली’ जाते, तसंच. आपल्याला नोटिशीचं इंग्रजी शिकवलं आणि पाहुणे घरातलं बोलतात. म्हणून इंग्रजाला जो शब्द जड, तोच आपल्याला सोपा. ‘बुकिंग कॅन्सल झालं’ हे तुमच्या सासूबाईंनाही कळेल, ‘कॉल ऑफ’ कळणार नाही.

यातूनच माझा सल्ला निघतो, आणि इंग्रजीच्या क्लासवाल्यांना तो आवडणार नाही. तुम्ही स्वतः हे फ्रेजल व्हर्ब बोलायच्या मागे लागू नका. तुम्ही ‘कॅन्सल’, ‘पोस्टपोन’, ‘रिटर्न’ म्हणालात तर पाहुण्याला शंभर टक्के कळतं आणि कोणी हसत नाही. ऐकायला मात्र आलेच पाहिजेत, कारण समोरचा काय बोलणार ते तुमच्या हातात नाही. उलटं केलं की काय होतं ते रोज दिसतं. इंग्रजी भारी दिसावं म्हणून शेपटं लावत सुटतात आणि ‘कोप अप विथ’ म्हणतात. ते नुसतं ‘कोप विथ’ आहे, ‘अप’ आपल्याकडे उगवलाय.

पुस्तक ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत लावलंय, ती मांडणीच शिकायला वाईट. ‘ब्रेक डाउन’, ‘ब्रेक इन’, ‘ब्रेक अप’ एका पानावर आले की कोणाचंही डोकं फिरेल. तुम्ही शेपूट धरा. एक आठवडा नुसता ‘ऑफ’. जुन्या पाहुण्यांचे सगळे मेसेज फोनमध्ये असतीलच, त्यात ‘ऑफ’ शोधा. दहा-बारा वाक्यं सापडतील, ती वहीत उतरवून समोर आपलं मराठी लिहा, पुस्तकातला अर्थ नको. ‘पुढच्या आठवड्यावर ढकललं’, ‘स्टेशनवर सोडा’ असं. पुढच्या आठवड्यात ‘आउट’: ‘चेक आउट’ तुम्हाला येतोच, ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे, ‘ईट आउट’ म्हणजे बाहेर जेवणे, तो आला की त्या रात्री स्वयंपाक कमी करा. ‘अप’ शेवटी घ्या, तो फार पसरलेला आहे. लेकीला हसायचं असेल तर हसू दे, पण तिला ‘थ्रो अप’चा अर्थ विचारून बघा. निम्म्या शहरी पोरांनाही ही जोडी वापरता येते, उलगडून सांगता येत नाही.

दोन वाक्यं मात्र तोंडी असू द्या. मेसेजचा अर्थ डळमळीत वाटला की लगेच: ‘सॉरी, डज दॅट मीन यू आर कॅन्सलिंग?’ त्यांच्या मेसेजात ‘माइट’, म्हणजे ‘कदाचित’, होतं, त्यामुळे तुमच्या ‘ओके, वेटिंग’वरून त्यांना वाटलं असणार की तुम्ही पक्क्या निरोपासाठी थांबलायत. त्यांनी तो शुक्रवारी द्यायला हवा होता, ती चूक त्यांची. सुरमईचे पैसे मागितलेत तरी मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. पुढच्या वेळी ॲडव्हान्स घेऊन ठेवा, त्याला कुठलंही इंग्रजी लागत नाही. दुसरं वाक्य बुकिंग पक्कं झाल्यावर: ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू.’ ‘टु मीट’ नाही, ‘टु मीटिंग’. इथला ‘टु’ शेपटाचा भाग आहे, त्यामुळे पुढे ‘इंग’ येतो. ही चूक मोठमोठ्या कंपन्यांच्या पत्रांतही असते.

राहिला परशुराम घाट. ‘हेल्ड अप’ म्हणजे अडकलो, ट्रॅफिकमध्ये किंवा दरडीमुळे. आणि ‘वेट अप’ म्हणजे नुसतं वाट बघणं नव्हे, झोप मोडून जागत बसणं. ‘आमच्यासाठी जागत बसू नका’ असं ते सांगत होते आणि तुम्ही दोन वाजता कंदील घेऊन पडवीत, म्हणून ओशाळले. पुन्हा तसा मेसेज आला तर किल्ली कुठे आहे आणि पाण्याचा तांब्या कुठे आहे ते लिहून पाठवा आणि झोपून जा.